पान स्थिर करण्याचा विधी

इंटरनेटवर काही वाचायला बसणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे की लक्ष उडते यात आपला काडीचाही दोष नाही. एकादशी कधी आहे एवढेच पाहायला पंचांगाचे पान उघडावे आणि पाच मिनिटांनी गुडघेदुखीच्या तेलाचा भाव वाचत बसावे, हे पाहून घरातली वडीलधारी मंडळी मन ताब्यात नसल्याचे निदान करतात आणि प्राणायाम सुचवतात. प्राणायाम चांगलाच, पण या दुखण्याला तो लागू पडत नाही. अक्षरे आपण डोळ्याच्या मध्यभागाने वाचतो. कडेचा भाग अक्षरांच्या बाबतीत जवळजवळ अडाणी, पण हालचाल टिपण्यात तरबेज. कडेला काही सळसळले की नजर आधी वळते, आपली परवानगी मागाहून मागते. ही व्यवस्था साप-विंचवापासून जीव वाचवायला उत्तम होती. तिच्यावर वैयक्तिक कर्जे खपवण्याचा उद्योग अलीकडचा. म्हणून या विधीचे मुख्य सूत्र असे की मनाला आवरत बसू नये, पानाला आवरावे.

रोग कसा जडला हे ठाऊक असलेले बरे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली. वेबवरच्या पहिल्या जाहिरातींत ती मोजली जाते, आणि ती बिचारी एका जागी गप्प बसून होती. पुढे दोन-एक वर्षांत नेटस्केप या ब्राउझरने जिफ चित्रे अखंड फिरत ठेवण्याची सोय केली आणि पट्ट्यांना पाय फुटले. अक्षरे उघडझाप करवणारा ‘ब्लिंक’ टॅगही नेटस्केपचाच; फायरफॉक्सने तो २०१३ साली काढून टाकला, पण खोड गेली नाही. पॉप-अपची कथा तर शिष्टाचाराची आहे. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात भलत्याच अश्लील पानावर दिसली, तेव्हा त्या पानाशी तिचा संबंध दिसू नये म्हणून जाहिरातीला वेगळी खिडकी देण्यात आली. ते काम करणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ साली जाहीर माफी मागितली. माफी मिळाली असावी. खिडक्या मात्र उघडतच राहिल्या.

आता प्रत्यक्ष विधी. नवखा साधक फुलीपासून सुरुवात करतो, आणि तिथेच फसतो. फुली जाहिरातीच्या उजव्या कोपऱ्यात असते, करड्यावर करडी असते आणि बोटाच्या टोकापेक्षा लहान असते. कधी ती काही सेकंदांनी उगवते, कधी ती चित्राचाच भाग निघते आणि दाबताच दुकान उघडते. त्यात वरून एखादी जाहिरात उशिरा उतरली की सगळा मजकूर खाली ढकलला जातो. पंगतीत घास घेताना वाढप्याने पानच ओढावे तसे होते, आणि बोट पडते ते नेमके कर्जावर. म्हणून फुलीच्या नादी लागू नये. आधी यंत्राला आपली इच्छा कळवावी: आयफोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’, अँड्रॉइडमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखालचे ‘रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स’, विंडोजमध्ये ‘अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स’ बंद. ब्राउझर हा निरोप प्रत्येक पानाला पोचवतो. पाळायचा की नाही हे पान ठरवते, म्हणजे ही विनंतीच. हुकूम पुढे आहे. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी रोमन अक्षरांत ‘अबाउट:कॉन्फिग’ टंकावे, इशारा गंभीर चेहऱ्याने वाचावा, आणि ‘इमेज.अ‍ॅनिमेशन_मोड’ शोधून तिथे ‘नन’ लिहावे. जिफ चित्रे जागच्या जागी गोठतात. दयाळू स्वभावाच्या लोकांनी ‘वन्स’ लिहावे. चित्र एकदा नाचते आणि बसते. लांब लेखासाठी नुसता मजकूर दाखवणारा रीडर व्ह्यू आहेच. आणि शेवटचे शस्त्र म्हणजे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे विस्तारक: त्यातल्या चिमट्याने नको तो तुकडा पानावरून कायमचा वेचून काढता येतो. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते. सारख्या नावाच्या तोतयांपासून सावध राहावे, कारण असली विस्तारके आपण उघडलेले प्रत्येक पान वाचू शकतात.

इथे सज्जन माणूस हमखास आक्षेप घेतो की जाहिराती अडवल्या तर संकेतस्थळांनी खायचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण विधी पुन्हा वाचावा. त्यातले बहुतेक उपाय जाहिरात काढत नाहीत, तिला खाली बसवतात. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारावर उभे आहेत, आणि त्यांतल्या एकाही उटण्याने वाचकाच्या कथेवर उडी मारलेली नाही. तरी उटणी खपली. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकषही २००८ पासून हेच सांगतात: मजकुराशेजारी आपोआप काही पाच सेकंदांहून अधिक हलत असेल, तर ते थांबवण्याची सोय वाचकाला असावी. दुसरा आक्षेप असा की सवयीने डोळा जाहिरातीकडे दुर्लक्ष करायला शिकतोच. शिकतो खरा, पण जास्तच. बेनवे आणि लेन या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की जाहिरातीसारखे दिसणारे कामाचे दुवेही लोकांच्या नजरेतून सुटतात. म्हणजे नाचणाऱ्याचा फायदा नाही आणि शेजारच्याचे नुकसान. उरला कायद्याचा धाक. अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये, शोधयंत्रातल्या बनावट जाहिरातींपासून बचाव म्हणून, अ‍ॅड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला होता. पोलीसच कडी लावायला सांगत असतील तर कडी लावणाऱ्याने ओशाळण्याचे कारण नाही.

विधी पूर्ण झाल्यावर काही पाने रुसतात. मजकूर धूसर होतो आणि मध्यभागी एक हळवी पाटी येते: तुम्ही अ‍ॅड ब्लॉकर वापरत आहात असे दिसते, आमची पत्रकारिता तुमच्यावर अवलंबून आहे. पाटी खाली राशिभविष्य झाकत असेल तर पान बंद करावे. ग्रह वाट पाहतात. पण खाली खरोखर बातमी असेल, कुणी गावात जाऊन, कागद तपासून लिहिलेली, तर वर्गणी असल्यास ती भरावी, नसल्यास त्या एका संकेतस्थळापुरता ब्लॉकर उघडावा. ‘इमेज.अ‍ॅनिमेशन_मोड’ मात्र ‘नन’वरच ठेवावे. जाहिराती बसून राहिल्या तर परवानगी पुढे चालू. एखादी उठून फिरू लागली की चिमटा काढावा, आणि तेवढीच उचलावी.