काकाजी आणि युक्रेनचा धुरा

काकाजींचा ठराव पक्का आहे. भारताने युक्रेनला मदत करावी. किती करावी, कशी करावी आणि कोणाच्या खिशातून करावी, ते "उपसमिती पाहील". २०२२ च्या फेब्रुवारीपासून पवनीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पानठेल्यावर हा ठराव सकाळी आठला मांडला जातो. त्यावर कडाक्याची चर्चा होते आणि साडेनऊच्या सुमाराला तो तहकूब होतो, कारण तेव्हा घरून नातू येतो आणि "आबाजी, पोहे थंडे होऊन रायले" असा निरोप देतो. पोह्यांपुढे युक्रेन थांबतं.

काकाजी सेवा सहकारी सोसायटीचे निवृत्त गटसचिव. उभी नोकरी इतिवृत्त लिहिण्यात गेली, त्यामुळे साधं बोलणं जमतच नाही. चहा हवा असेल तर "चहा मागवण्यात यावा" म्हणतात. समोरच्याचा मुद्दा पटला नाही तर "आपली सूचना दप्तरी दाखल". ठेल्यासमोर चांगलं लाकडी बाकडं आहे, पण काकाजी कधी त्यावर टेकत नाहीत. बसून बोललं की मुद्द्यात जोर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकड्यावर त्यांचा दुपट्टा आणि छत्री बसते.

"सूचक मी. अनुमोदक?"

खर्रा घोटता घोटता ठेलेवाला मान वर न करता म्हणतो, "मी." त्याने आजवर सगळ्यांच्या सगळ्या ठरावांना अनुमोदन दिलं आहे, परस्परविरोधी असले तरी. गिऱ्हाईक तुटता कामा नये.

मग नकाशा. ठेल्याच्या पत्र्यावर काकाजी चुन्याच्या बोटाने युक्रेन काढतात आणि काताने रशिया. मधून एक वाकडी रेघ: "ही नीपर नदी. आपली वैनगंगा समजा." वैनगंगा म्हटलं की पवनीच्या माणसाला दिशा कळते. मग खेरसन घाटाकडे येतं, कीव्ह भंडाऱ्याच्या बाजूला जातं आणि पोलंड साधारण भिवापूरला. काताचा हात जड पडला की रशिया पुढे सरकतो, चुना वाळला की युक्रेन फिकं पडतं. साडेनऊनंतर ठेलेवाला ओलं फडकं फिरवतो आणि दोन्ही बाजूंची फौज एका रगड्यात नाल्यात जाते. या युद्धात इतक्या वेळा शस्त्रसंधी दुसऱ्या कोणी केला नसेल.

विरोधी पक्षात बुवा. हातमागावर रेशीमकाठी धोतरं विणत म्हातारे झालेले, कमी बोलणारे. त्यांचं सगळं परराष्ट्र धोरण एका वाक्यात आहे: "आपल्याले काय करा लागते?" पण ते वाक्य असं टाकतात, की काकाजींची दहा मिनिटांची मांडणी एका फटक्यात आडवी होते.

तिसरा सभासद म्हणजे अभ्यासिकेतला पोट्टा. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्यामुळे सगळं जग त्याला आकड्यात पाठ आहे. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काय झालं, हे त्याने सांगितलं तेव्हा काकाजींना पहिला धक्का बसला. रशियाने फौजा मागे घ्याव्यात या बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५.

"आन आपन?"

"तटस्थ, काकाजी."

"म्हंजे हजेरीपटावर सही केली आन मतदानाच्या वक्ताले पान खाले बाहीर गेले!" काकाजींना हा प्रकार ओळखीचा होता. सोसायटीच्या वार्षिक सभेत संचालक हेच करत.

पोट्टा म्हणाला, अगदी तसं नाही. आपण औषधं पाठवली, तंबू पाठवले, ब्लँकेटं पाठवली. रशियाचं स्वस्त तेलही घेतलं. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान स्वतः कीव्हला गेले आणि आणीबाणीत कुठेही मांडता येतील असे चार 'भीष्म' दवाखाने देऊन आले. काकाजींनी ब्लँकेटाची तेवढी नोंद घेतली. त्या दुपारी ते घरच्या पेटीतली नवी सोलापुरी चादर काखोटीला मारून पोस्टाकडे निघाले होते म्हणतात. काकूंनी फाटकातच अडवलं. "युक्रेनले थंडी वाजते तं तुमच्या अंगावरची द्या, जावयाले ठेवलेली काहून देता?" चादर पेटीत परत गेली. इतिवृत्तात या विषयाची नोंद नाही.

काकाजींचं खरं बळ इतिहासात. बुवांनी "आपल्याले काय" म्हटलं, की ते १९३८ काढतात. जपान चीनमध्ये घुसला होता, आपण स्वतः इंग्रजांच्या ताब्यात होतो, तरी काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सुभाषबाबू अध्यक्ष. गावोगावी 'चीन दिन' पाळून बावीस हजार रुपये जमवले आणि डॉक्टरांबरोबर रुग्णवाहिकाही दिली. "सोलापूरचे कोटणीस सर्व्यायले मालूम आहेत. शांतारामबापूनं सिनेमा काढला ना! पन त्या पाचात आपले नागपूरचे डॉक्टर चोळकर होते, हे कोनाले मालूम आहे?" चोळकरांचं नाव घेताना काकाजींचा आवाज असा चढतो, की चोळकर त्यांच्या मामेघराण्यातले असावेत. कोटणीस तिथेच राहिले, आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. हे सांगताना काकाजी दुपट्ट्याने चष्मा पुसतात. दर वेळी. हे नाटक नाही, मी जवळून पाहिलं आहे.

बुवा थांबतात. चष्मा पुसून होऊ देतात. मग म्हणतात, "पाठवला ना डाक्टर? मंग बासष्टात चीन काय घेऊन आला? औषद?"

ठेला हसतो. काकाजी हसत नाहीत. "बुवा, मदत म्हंजे पीककर्ज नोहे, वसुली कराले. आन वसुलीचं म्हनान तं मले गावातल्या लोकायपासून करता नाई आली, चीनपासून काय करता?" सोसायटीचे दोन जुने थकबाकीदार अशा वेळी उगाच आभाळाकडे पाहतात.

बांगलादेशाबद्दल मात्र काकाजी साक्षीदार म्हणून बोलतात. १९७१ साली कोटीभर निर्वासित आले आणि नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. घाईत सरकारने कुटुंबनियोजनाच्याच तिकिटावर 'शरणार्थी सहायता' छापून दिलं होतं. काकाजी तेव्हा शाळकरी होते आणि मामाला पत्र लिहून पैसे मागवायचं काम त्यांच्याकडे असे. त्या पाच पैशांच्या जोरावर ते आजही "आपन बांगलादेश स्वतंत्र केला" असं म्हणतात, आणि त्यातल्या 'आपन'मध्ये मामासुद्धा असतो. अलीकडे ढाक्याच्या बातम्या वाचून बुवांनी "पाच पैसे वापस मागा" असं सुचवलं. सूचना दप्तरी दाखल झाली.

तिबेटचंही तसंच. पूर्वी भंडारा जिल्ह्यातच आणि आता गोंदियात असलेल्या गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. हिवाळ्यात नागपूरला तिबेट्यांचा स्वेटरबाजार लागला की काकाजी मुद्दाम जातात. १९५० साली तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला तो एल साल्वाडोरने, "आपल्या जिल्ह्यायएवढा देश, आन आपन म्हनलं सध्या राहू द्या," याची खंत म्हणून ते स्वेटर घेतात. पण तिबेटचं स्वातंत्र्य मान्य करणारा हा माणूस शंभर रुपये कमी करण्यासाठी त्या तिबेटी बाईशी पाऊण तास भांडतो. शेवटी तिने पन्नास कमी केले, की "तत्त्वाचा प्रश्न होता" म्हणत पिशवीत घालतो.

काकाजींना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. ते पोट्ट्याचं काम. त्याने बिचाऱ्याने निष्पापपणे विचारलं, "काकाजी, आक्रमण झालेल्याले मदत कराव, हे तत्त्व कायम का?"

"त्रिकालाबाधित."

"मंग १७४३ साली बंगालवर आक्रमण कोनं केलं होतं?"

ठेल्यावर शांतता. पवनी भोसल्यांच्या राज्यातली. नागपूरकर रघुजीराजांचं नाव इथे आपल्या आजोबांसारखं घेतात. काकाजींनी सावकाश खर्रा गालात सरकवला. "ते आक्रमन नोहे. चौथाई होय."

पोट्टा थांबेना. बंगालच्या अलिवर्दीखानाने मदत मागितली आणि त्याच्या मदतीला धावून गेले साक्षात नानासाहेब पेशवे. रघुजींना त्यांनी बंगालबाहेर काढलं. मोहिमेचा खर्च म्हणून नवाबाकडून बावीस लाख रुपये ठरवून घेतले, चौथाई वेगळी. पुढे शाहूमहाराजांनी दोघांत समेट करून बंगालचा मुलूख रघुजींच्याच वाट्याला दिला आणि अलिवर्दी पैसे मोजून बसला तो बसलाच. "म्हंजे काकाजी, तुमच्या तत्त्वानं पेशवे बरोबर होते."

काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा होता. युक्रेन एका बाजूला, रघुजीराजे दुसऱ्या बाजूला. पण तीस-पस्तीस वर्षं सर्वसाधारण सभा झेललेला माणूस तो. एकदम त्यांच्या डोळ्यांत तेज आलं. "पेशवे कुठचे? पुन्याचे! बावीस लाख घेऊन मदत करते त्याले मदत म्हनते का? आपन चीनसाठी बावीस हजार *देल्ले*, आन पुन्यावाल्यायनं बावीस लाख *घेतल्ले*. विदर्भावरचा अन्याय तवापासून सुरू आहे, लिहून घ्या!" ठराव एकमताने मंजूर झाला. बुवांनीसुद्धा हात वर केला. पुण्याच्या विरोधात ठेल्यावर नकाराधिकार चालत नाही.

एकदा मात्र युक्रेनच्याच बाबतीत एकमत झालं होतं. ६ जून २०२३ ला नीपर नदीवरचं काखोव्का धरण फुटल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी काकाजी नेहमीप्रमाणे चुना घेऊन नकाशा काढायला लागले, पण धरणाची रेघ मारली आणि बोट थांबलं. पवनीच्या वरच्या अंगाला काही किलोमीटरवर गोसीखुर्द आहे, तेहतीस दरवाजांचं. २०२० च्या ऑगस्टचा पूर इथल्या प्रत्येकाने अंगणात, कोणी कमरेइतका, पाहिलेला. त्या दिवशी बुवांनी "आपल्याले काय" म्हटलं नाही. बराच वेळ पेपरातला फोटो पाहून त्यांनी विचारलं, "खालच्या गावातले लोक निंघाले का पन? आन ढोरं?" पोट्ट्याने मोबाईलवर शोधून शोधून सांगितलं. ढोरांचं काही सापडलं नाही.

काकाजींना ही खाज कुठून लागली, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. काकूंनीच सांगितलं. नदीकाठच्या वावरात काकाजींच्या चुलतभावाने दर नांगरणीला धुरा, म्हणजे बांध, एकेक तास आत सरकवला. एका वर्षात कळत नाही, दहा वर्षांत बैलबंडी जाईल एवढी जागा जाते. काकाजींनी शेजारच्या साऱ्या शेतकऱ्यांना साक्षीला बोलावलं. सगळ्यांना सगळं दिसत होतं, आणि सगळे म्हणाले, "तुमच्या घरातलं भांडन जी, आमी काय बोलाव?" एकजण पंचनाम्याच्या दिवशी मुद्दाम साळीकडे गेला. त्या दिवसापासून तटस्थ माणूस दिसला की काकाजींच्या कपाळाची शीर उडते. त्या पस्तीस देशांमध्ये त्यांना पस्तीस धुरेकरी दिसतात. बुडापेस्टला १९९४ साली युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी सीमा पाळण्याचं लिहून दिलं, हे पोट्ट्याने सांगितलं तेव्हा काकाजी मांडीवर थाप मारून ओरडले होते, "इसारपावती आहे ना! मंग साक्षीदार लपले कुठी?"

धुरा सरकवणारा चुलतभाऊ कोण, हे विचारल्यावर काकू हसल्या. तो म्हणजे बुवांचा सख्खा साळा. आणि त्या दिवशी साळीकडे गेलेले ते स्वतः बुवा. दोघंही गेली कित्येक वर्षं रोज सकाळी एकाच पुडीतला खर्रा वाटून खातात आणि युक्रेनवर भांडतात. धुऱ्याचा विषय दोघंही काढत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात अखेर हद्द कायम मोजणी लागली. नोटीस मिळाली, तारीख आली, भूकरमापक यंत्र घेऊन वावरात उतरला. काकाजी सकाळपासून डोक्याला दुपट्टा बांधून सज्ज. लगतच्या खातेदारांची हजेरी सुरू झाली आणि बाभळीखाली सायकल टेकवून कोणी तरी बसलेलं दिसलं. बुवा. नोटीस त्यांच्या नावाने नव्हती.

"तुमी काहून आले?" काकाजींनी विचारलं.

"निरीक्षक म्हनून," बुवा म्हणाले. "मतदान नाई करनार."

भूकरमापकाने खुणा दाखवल्या. जुना दगड बांधापासून चांगला आत, चुलतभावाच्या पऱ्हाटीत निघाला. चुलतभाऊ काहीतरी पुटपुटला, तेव्हा बाभळीखालून आवाज आला, "दगड तिथंच होता जी. मी पायला होता." काकाजींनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी भूकरमापकाला बाजूला घेतलं, मठ्ठ्याचा ग्लास हातात दिला आणि हळूच विचारलं, "साहेब, नियमित आन द्रुतगती अशा दोन मोजण्या रायते ना? मंग एक सांगा. दोनबासची द्रुतगती लावाची असंल, तं अर्ज कोनाच्या नावानं कराव, आन फी किती?"

भूकरमापक म्हणाला, "सात-बारा आहे का?"