ओळ कुठे संपते?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ओळ संपल्याची अदृश्य खूण काही पाथरवटाला कोरावी लागली नाही.

संगणकाला मात्र ती लागते. लिनक्सला एक, विंडोजला दोन. त्यातली एक टेलिप्रिंटरचा गाडा डावीकडे परत आणण्यासाठी होती. गाडा भंगारात गेला, हुकूम अजून सुटतोच आहे.

मग प्रोग्राम बांधताना, म्हणजे बिल्डच्या वेळी, ‘अँट’ या बिल्ड-साधनातले ‘फिक्ससीआरएलएफ’ फायलींतल्या या खुणांना एकच वळण लावते. काही बजावले नाही, तर बिल्ड ज्या यंत्रावर चालते त्याचेच. विंडोजवर अशी ‘सुधारलेली’ शेल स्क्रिप्ट लिनक्सवर पहिल्याच ओळीला अडते. इंटरप्रिटर सापडत नाही म्हणते. दुरुस्त करायच्या फायलींच्या यादीत चुकून एखादे छायाचित्र शिरले, तर तेही दुरुस्त होते. उघडत नाही, एवढेच.