कडेचा मासा

परवा रात्री साडेदहाला वरच्या मजल्यावरच्या आप्पांनी दार वाजवलं आणि विचारलं, "जायफळ आहे का हो घरात? अर्धं असलं तरी चालेल." आमच्या हिला वाटलं, वहिनींना झोप लागत नसावी. मी काही बोललो नाही. जायफळ माशासाठी होतं.

हा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर तुम्ही कांदाभजी खात असता तेव्हा खाली पाण्याशी तो बसलेला असतो. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात काठी, चेहऱ्यावर 'विचारू नका' असा भाव. तरी आपण विचारतोच, "मिळाला का काही?" उत्तर ठरलेलं असतं: "खातोय." म्हणजे मासा आमिष खातोय आणि गळ ठेवतोय. आप्पांच्या बाबतीत मी माशाला दोष देत नाही. आमिष खरोखरच उत्तम असतं.

गांडूळ लावणारा आप्पांच्या लेखी हलका माणूस. "गांडूळ काय, कुणीही खाईल. त्यात कसब कुठलं?" आप्पांचं आमिष म्हणजे कणीक. तीत शेंगदाण्याची पेंड, सत्तू, मक्याचं पीठ, थोडा गूळ, आणि मग ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वास. रोहूला मेथी, मृगळाला बडीशेप, सायप्रिनसला हिंग. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यांनी तो तळाचा गाळ चाचपत फिरतो आणि चव त्याला मिशांनीच कळते. इथपर्यंत शास्त्र आहे. त्याला खडा हिंग आणि डबीतला हिंग यांतला फरक कळतो, हे मात्र आप्पांचं स्वतःचं संशोधन. वहिनींचा मिसळणाचा डबा दर रविवारी धरणावर असतो. त्यामुळे त्यांच्याकडे रविवारच्या आमटीला फोडणी नसते.

यावर कुणी हसलं की आप्पा सोमेश्वर काढतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा 'मानसोल्लास' हा 1130 च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. कुठला मासा कुठे राहतो, त्याला काय खाऊ घालावं, काठी कशी, दोर कसा, सगळं. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमधल्या त्या पानांची झेरॉक्स आप्पांच्या जाकिटाच्या डाव्या खिशात, मच्छीमार संस्थेच्या परवानगीच्या पावतीशेजारी असते. "नऊशे वर्षांपूर्वी एक राजा माशासाठी पिठाचे गोळे वळायला सांगतो, आणि तुम्ही मला अर्ध्या जायफळावरून बोलता?" राजाने जायफळ सांगितलंय का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "राजाकडे सायप्रिनस कुठे होता?" याला उत्तर नव्हतं. हा मासा भारतात आला 1939 साली, तोही निलगिरीत.

गेल्या गणपतीत सोसायटीची पाककृती स्पर्धा होती. वहिनींना वेळ झाला नाही. त्यांनी फ्रिजमध्ये वळून ठेवलेले गोळे काढले, वर एकेक बेदाणा टोचला आणि 'पौष्टिक सत्तू लाडू' अशी चिठ्ठी लावून ताटलीत मांडले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक बाईंनी कौतुकाने विचारलं, "वास काहीतरी वेगळाच आहे हं. काय घातलंयत?" वहिनी म्हणाल्या, "ह्यांना विचारा." आप्पांनी बाईंना सायप्रिनसच्या मिशांपासून सुरुवात करून सविस्तर सांगितलं. बाई जेवायला थांबल्या नाहीत. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. आणि आप्पांचं दुःख काय, तर उत्तेजनार्थ का? पहिला का नाही?

त्यांना गळाच्या नंबरांबद्दल चुकूनही विचारू नये. सहा नंबरापेक्षा बारा नंबरचा गळ लहान. आकडा उतरत उतरत एकावर आला की गळ मोठा होत आलेला असतो, पण त्याहून मोठा हवा असेल तर पुढे एकावर शून्य, दोनावर शून्य असं सुरू होतं आणि तिथून आकडा चढेल तसा गळही चढतो. हे त्यांनी मला लिफ्टमध्ये समजावलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन परत खाली गेली. तंगूस किती जाडीचा, शिसं किती वजनाचं, भोवरकडी कुठे बांधायची म्हणजे दोराला पीळ पडत नाही, यांवर त्यांची वेगवेगळी व्याख्यानं आहेत. मोरपिसाच्या देठाचा बोया ते स्वतः बनवतात. मासा नुसता हुंगून गेला तरी तो थरथरतो. त्यामुळे माशाने आपल्याला नाकारलं हे आप्पांना इतरांच्या आधी कळतं.

हा सगळा पसारा एका सिद्धान्तापायी आहे: मासा कडेला असतो. नवशिका येतो, अंगातली होती नव्हती ती ताकद लावून शिसं पार मध्यात भिरकावतो. आप्पा कपाळाला हात लावतात. "मध्यात आहे काय? पाणी!" चारा कडेला असतो. बुडालेलं गवत, शेवाळ, किडे, उंबराची पडलेली फळं, सगळं इथे. सकाळ-संध्याकाळ मासा चरायला कडेला येतो आणि ऊन तापलं की खोल उतरतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे खाणं लोटत येतं, म्हणून वारा तोंडावर घेऊन बसायचं, पाठीवर नाही. मरळ तर गवतातच. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. तिथे बुडबुडा फुटला की आप्पा माझं मनगट धरतात. मला अजूनही दुखतं इतकं घट्ट.

आता मासा पायाशी आहे म्हटल्यावर तो आपल्यालाही बघणार. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून काठावर उभा असलेला माणूस खालून माशाला दिसतो. वाकून, बसून गेलं तर बराचसा नजरेआड राहतो. शिवाय पावलाचा हादरा त्याला अंगावरच्या पार्श्वरेषेने कळतो. सबब आप्पा शेवटची पंधरा-वीस पावलं रांगत जातात. सत्तरीचे गृहस्थ चिखलातून रांगतायत, मागून मी मिसळणाचा डबा सांभाळत रांगतोय, आणि वर रस्त्यावर कणीस खात थांबलेली एक बाई पोराला सांगतेय, "आजोबांचा चष्मा पडला असेल रे. जा, मदत कर जा." पोरगं धावत आलं. मग मासे गेले.

एवढ्यावर मिळतं काय? चिलापी. तळहाताएवढी. हिला ना हिंग लागतो ना मेथी. पावाचा तुकडाही पुरतो. आप्पा ती सोडवून बादलीत टाकतात आणि "ही मोजायची नाही" म्हणतात. मोजायची नाही म्हटल्यावर बहुतेक रविवारी मोजायला काही उरत नाही.

मी तरीही जातो. का जातो याचं धड कारण देता येत नाही. एक म्हणजे, पावसाळा लागला, ओढ्यांना पाणी आलं की अंडी घालायला मासा वर चढतो. ह्या चढणीच्या माशांना लोक हातानं, पंचानं, चाळणीनं धरतात. अंड्यांनी जड झालेला मासा तेव्हा बिनअकलेचा असतो. सोमेश्वराचा कुठला मसालाही लागत नाही. आप्पा तेव्हा काठी माळ्यावर टाकतात. "त्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत शिरत नाहीत," एवढंच म्हणतात.

आणि दुसरं म्हणजे काडेपेटी. काठावर लोक तुटलेला तंगूस टाकून जातात. तो कुजत नाही, दिसत नाही, आणि पाणकावळ्याच्या पायात गुंतला की सुटत नाही. निघायच्या वेळी आप्पा गुडघ्यावर बसून गवतातून एकेक दोरा उचलतात आणि रिकाम्या काडेपेटीवर गुंडाळतात. गाठ असेल तर नखाने सोडवतात. टाकून द्यायच्या दोऱ्याची गाठ कशाला सोडवायची? मी एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "गुंडाळताना अडकते." आमची बस ह्या काडेपेटीपायी चुकत आलेली आहे.

तर आमची ती जागा. धरणाच्या एका अंगाला एनडीए, तिकडे जायची सोय नाही. दुसऱ्या अंगाला चौपाटी आणि भज्यांचा घाणा. आम्ही त्याहून पुष्कळ वर, एका ओढ्याच्या तोंडाशी जात होतो. एका रविवारी तिथे पत्रे उभे दिसले. पुढच्या खेपेला भिंत, तीत फाटक, फाटकावर पाटी: 'लेक व्ह्यू'. आत खुर्चीवर वॉचमन.

"आत जायचं नाय. प्रायव्हेट हाय."

"पाणी कुणाचं?" आप्पांनी विचारलं.

"सरकारचं."

"मासे?"

"संस्थेचे आसतील."

"मग प्रायव्हेट काय आहे?"

वॉचमनने विचार केला. "मधलं," तो म्हणाला.

आप्पांनी पावती काढून दाखवली. त्याने ती उलटसुलट वाचली आणि अदबीने परत दिली. सोमेश्वराची झेरॉक्स काढायला त्यांचा हात डाव्या खिशाकडे गेला होता, तो मी धरला. मग आम्ही भिंतीच्या कडेकडेने चालत राहिलो. पहिली भिंत संपली तिथे दुसऱ्याची सुरू झाली. हिच्या फाटकाचं नाव 'वॉटर्स एज'. तिच्यापलीकडे तारेचं कुंपण आणि 'प्लॉट विकणे आहे'. मासा कडेला असतो ही गोष्ट बिल्डरला आप्पांच्या आधी कळलेली दिसते. बोलायला आप्पांना शब्द सुचले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. परतताना बसमध्ये गोळ्यांचा डबा मांडीवर जसाच्या तसा होता.

महिन्याभराने त्यांनी नवी काठी आणली. बारा फुटी, लांब फेकीची. रस्त्याच्या कठड्यावरून, भिंती ओलांडून शिसं पाण्यात पडलं पाहिजे, असा बेत आहे. आयुष्यभर ज्यांना अडाणी म्हटलं त्यांची विद्या आप्पा आता सत्तरीत शिकतायत. सराव सोसायटीच्या गच्चीवरून चालतो. गळ काढून नुसतं शिसं, आणि खाली पार्किंगमध्ये नेम धरायला बादली. बादलीशी उभं राहून शिसं कुठे पडलं ते ओरडून सांगायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी ते सेक्रेटरींच्या स्कूटरच्या सीटवर पडलं, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वाळणातल्या परकरात अडकलं. काल बादलीपासून जेमतेम दोन हातांवर आलं.

"किती?" वरून आवाज आला.

"दोन हात. उजवीकडे."

"मग बादली उजवीकडे घ्या ना!"

घेतली.