वाकणारा दांडा

जबलपुरात कुठल्याही वस्तूची पारख एकाच कसोटीवर होते: ती वाकते का? फाटक असो, पलंग असो, जावई असो. वाकत नाही म्हटलं की पसंत. यात गावाचा दोष नाही. 1904 साली इथे तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी आली. मग खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, 1969 मध्ये लष्करी ट्रकांची व्हेईकल फॅक्टरी, पुढे ओतकामाची ग्रे आयर्न फाउंड्री. बाहेरचे लोक भेडाघाटचा संगमरवर बघायला येतात, आम्ही मात्र लोखंडाचे भक्त. हरिशंकर परसाईंनी याच गावात राहून माणसांच्या वाकण्यावर इतकं लिहून ठेवलंय की निदान लोखंडाने तरी ताठ राहावं, एवढीच आमची अपेक्षा उरली असावी.

माझे बाबा गन कॅरेजमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यापुढे माझ्या भाच्याने येऊन सांगितलं, "आजोबा, मला असा स्टिअरिंगचा दांडा हवाय, जो टक्कर झाली की दबेल."

"म्हणजे कमजोर?"

"कमजोर नाही. कोलॅप्सिबल."

"तेच विचारून राहिलो."

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या टोळीने एका माणसाची, उघड्या चाकांची छोटी रेसगाडी बांधायला घेतली होती. देशभरातली मुलं अशा गाड्या बांधतात आणि कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाच्या स्पर्धेत नेऊन उभ्या करतात. तिथे गाडी पळवण्याआधी तपासणीत पास करावी लागते, आणि ही तपासणी आमच्या बँकेच्या ऑडिटहून कडक असते. स्टिअरिंगचं चाक एका झटक्यात निघालं पाहिजे. चाक हलवलं आणि पुढची चाकं ढिम्म, असा ढिलेपणा सगळा मिळून सात अंशांपेक्षा जास्त चालत नाही. गाडीच्या नाकाडात धक्का खाणारा ठोकळा लागतो, आणि 300 किलोची गाडी सेकंदाला सात मीटर वेगाने भिंतीवर गेली तर निदान 7350 जूल ऊर्जा त्याने गिळली पाहिजे. बाबांना हा ठोकळा पटला. पुढून येणारा शत्रू पुढेच थोपवायचा, ही लष्करी शिस्त झाली. पण दांडा?

भाच्याने कागदावर आकृती काढली. चाकं वळवणारी रॅक ड्रायव्हरच्या पायांपाशी. तिथून सरळ दांडा निघतो तो थेट छातीपुढच्या चाकापर्यंत. समोरून जबर धडक बसली की रॅक मागे ढकलली जाते. दांडा अखंड पोलादाचा असेल, तर तोही तेवढाच मागे येतो. आणि मागे कोण असतं?

"शक्तिमानमध्ये असलं काही नव्हतं," बाबा म्हणाले. वाद थांबवायचं हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक 1959 साली जबलपुरात तयार झाला, आणि तेव्हापासून आमच्या घरात उत्तम वस्तूचं ते शेवटचं माप आहे. भाचाही कच्च्या गुरूचा नव्हता. तो म्हणाला, त्याच 1959 साली जर्मनीतच मर्सिडीजने अशी मोटार आणली, जिचं पुढचं आणि मागचं अंग मुद्दाम चुरगळायला बनवलं होतं, म्हणजे मधली माणसं शाबूत राहतात. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरची ही कल्पना. दबणाऱ्या स्टिअरिंगचीही त्यालाच हौस. त्याच्या नावावर अडीच हजारांवर पेटंटं आहेत.

"अडीच हजार?" बाबांना पहिल्यांदा आदर वाटला. "ओव्हरटाइम मिळत असेल."

अमेरिकेत हे प्रकरण जरा भांडून मिटलं. राल्फ नेडर या वकिलाने 1965 मध्ये मोटार कंपन्यांवर पुस्तक लिहून त्यांची झोप उडवली. त्यात या भाल्यासारख्या दांड्याचाही पंचनामा होता. जनरल मोटर्सने 1967 च्या गाड्यांत दबणारा दांडा दिला आणि 1 जानेवारी 1968 पासून सरकारने तो सक्तीचाच केला. ताशी 48 किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली तर दांडा 127 मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. दांडा दाबण्याच्या तऱ्हाही बघण्यासारख्या. एकीत नळीचा भाग जाळीचा करतात, धक्क्याने तो चुरमडतो. दुसरीत एका नळीत दुसरी नळी आणि मध्ये घट्ट बसवलेल्या पोलादी गोळ्या. नळ्या एकमेकींत शिरताना गोळ्या त्यांच्यात चर पाडत जातात आणि ताकद त्या नांगरटीत खर्च होते. तिसरीत दोन नळ्या प्लास्टिकच्या पिनांनी धरलेल्या असतात. रोजच्या वळणांना पिना टिकतात, टकरीत तुटतात.

बाबांनी हे सगळं ऐकलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. मग ते एकदम म्हणाले, "अरे, हा तर रिकॉइल आहे!"

आणि खरंच की. जुनी तोफ डागली की अख्खा गाडा मागे पळायचा, आणि दर गोळ्याला तो पुढे ओढून पुन्हा नेम धरावा लागायचा. फ्रेंचांच्या 1897 च्या 75 मिलिमीटर तोफेने ती कटकट संपवली. नळीच तेवढी मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा तिचा जोर पिऊन टाकतात, गाडा जागचा हलत नाही. गन कॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवायला नको. बाबांनी पेन्सिल घेतली. सत्तर किलोचा माणूस ताशी 36 किलोमीटर वेगाने जातोय, म्हणजे 3500 जूल. हा जोर एका सेंटिमीटरात थांबवला तर छातीवर पस्तीस टनांचा दाब. दहा सेंटिमीटरांत थांबवला तर साडेतीन टन. "पट्टा बांधलेला असतो, आजोबा," भाचा म्हणाला, "एवढं सगळं दांड्यावर येत नाही." पण बाबा आता थांबणार नव्हते. फरक एकच, त्यांनी मला बजावलं: तोफेची नळी परत जागेवर येते, हा दांडा येत नाही. हा एकदाच डागायचा.

(इथे संसारात थोडं वाकावं लागतं, वगैरे काही बोलायचा मोह मला झाला होता. बायको समोरच भाजी निवडत बसली होती, म्हणून वाचलो.)

हा एकदाच डागण्याचा मुद्दा मुलांना कबाड्याकडे उपयोगी पडला. खर्च वाचवायला जुन्या छोट्या मोटारीचा दांडा घ्यायचा ठरलं होतं. कबाड्याने एक काढून पुसून पुढे ठेवला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिलकुल नई है बड्डे, एक ही बार ठुकी है!" बाकी कुठल्याही मालाला ही शिफारस चालली असती. भाच्याने पिना बघितल्या. तुटलेल्या. बाबांनी टेप लावली. दांडा आधीच आखडलेला. ज्या कामासाठी तो जन्माला आला होता ते करून तो मोकळा झाला होता, आणि कबाडी त्याला नोकरीत मुदतवाढ देऊ बघत होता.

दुसरा दांडा अस्सल निघाला. तो वेल्डरकडे गेला, कारण टोकाला युनिव्हर्सल जॉइंट बसवायचा होता. मुलांनी दोन जॉइंट घालून दांड्याला मुद्दाम कोन दिला होता, म्हणजे धक्क्यात तो सरळ न येता घडी होईल. दोन जॉइंट एकमेकांशी जुळवून लावावे लागतात, नाहीतर पुढची चाकं कधी घाईत तर कधी आळसात वळतात. हे सगळं वेल्डरला नीट समजावलं होतं. संध्याकाळी दांडा घरी आला तेव्हा जॉइंट सुरेख बसले होते, आणि दोन नळ्या जिथे एकमेकींत सरकतात त्या सांध्यावरही वेल्डिंगची गोल, देखणी माळ चढली होती. "बीच में हिल रहा था," वेल्डर म्हणाला, "मैंने पक्का कर दिया. उसका अलग से नहीं लूँगा."

हा शुद्ध जबलपुरी प्रेमळपणा आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट हलताना दिसली की माणूस फुकटात ती पक्की करून देतो. भाच्याचा चेहरा पडला. तापलेल्या नळीतल्या प्लास्टिकच्या पिनांचं आत काय झालं असेल ते त्याला कळत होतं. त्याने सेनाचं नाव घेतलं. 1 मे 1994 ला इमोलाच्या शर्यतीत आयर्टन सेना गेला, त्याच्या गाडीचा दांडा त्याच्या सोयीसाठी कापून, मध्ये वेगळ्या मापाची नळी जोडून लांबवलेला होता. अपघातानंतर तो तुटलेला सापडला. तुटल्यामुळे अपघात झाला की अपघातामुळे तुटला, यावर इटलीच्या कोर्टांत वर्षानुवर्षं खल चालला. वेल्डरने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वेल्डिंग किसने की थी?"

तिसरा दांडा आला तेव्हा बाबांनी तो कुणाच्या हाती दिला नाही. वेल्डिंग टोकांनाच, मध्ये ओलं फडकं, आणि शेजारी स्टूल टाकून स्वतः बाबा. शिवाय, चाचणीशिवाय कुठली तोफ पास होते का, म्हणून मुलांना तसल्याच एका जोडीच्या दांड्याची चाचणी घ्यायला लावली. अंगणात तिकाटणं उभं राहिलं, चेन पुलीला तीस किलोचं वाळूचं पोतं टांगलं, खाली शिकंज्यात दांडा उभा धरला. मी टॉर्च धरून होतो. ऊन होतं, पण बाबांच्या कुठल्याही कामात माझ्या वाट्याला टॉर्चच येतो. "फायर!" बाबा ओरडले. पोतं एक मीटरवरून पडलं, टक्कन आवाज झाला आणि दांडा शहाण्यासारखा आत सरकला. शेजारच्या काकू धावत आल्या. "काय मोडलं?" त्यांनी विचारलं. "मोडलं नाही, पास झालं," बाबा म्हणाले, आणि काकू आणखी काळजीत पडल्या.

त्यानंतर बाबांनी दबणाऱ्या दांड्याचा प्रचार हाती घेतला. पाहुणा मोटारीने आला की चहाच्या आधी ते त्याच्या पेडलांपाशी डोकं घालतात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीत शिरून फुलांच्या माळा बाजूला सारल्या, आणि मुलीकडच्यांना वाटलं, काहीतरी रीत असेल.

गाडीत दांडा बसला, चाकाचा ढिलेपणा सात अंशांच्या आत आला, आता रंग द्यायचा, इतक्यात गाडी चालवणारी मुलगी आली. टोळीतली सगळ्यात हलकी म्हणून तिची निवड. ती आत बसली, पाय लांबवले, चाक दोन्हीकडे फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, हा जेव्हा घडी होईल ना, तेव्हा मधला जॉइंट कुठे जाणार?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मधला जॉइंट तिच्या दोन गुडघ्यांच्या बरोबर मध्ये होता, आणि घडी होताना तो डाव्या गुडघ्याकडेच उसळणार होता. छातीच्या नादात गुडघ्यांचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आधाराचा ब्रॅकेट कापून जॉइंट खाली नेणं आलं. पण आधी जाड माणसाचं माप हवं, कारण नियमात मोठ्या देहाचा ड्रायव्हरही धरावा लागतो. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"हा बसेल," बाबा म्हणाले. "याची नोकरीच बसायची होती."

मी बसलो. माप झालं, खडूच्या खुणा झाल्या. मग भाच्याला आठवलं की ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता यावं लागतं, तेही आत्ताच बघून घेऊ. त्याने घड्याळ लावलं, चाक एका झटक्यात काढून घेतलं आणि म्हणाला, "मामा, चला!" मी दोन्ही हातांनी नळ्या धरून जोर केला. पाच सेकंद गेले, पन्नास गेले. मुलं कुजबुजू लागली. चेन पुली अजून तिकाटण्यालाच होती.

"राहू दे त्याला," बाबा म्हणाले. "चहा झाला की उजवा गुडघाही मोजून घेऊ."