गणवेशधारी सुपरमॅन

2016 पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीच्या पोरांची कलचाचणी घेतली. वाणिज्य, कृषी, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा... खण आधीच तयार, पोरानं फक्त आत जाऊन बसायचं. आता मालेगावचा तो यंत्रमाग कामगार घ्या, जो नासिर शेख यांच्या सिनेमात चक्क सुपरमॅन झाला. माग चालवतो म्हणून तांत्रिक, की कॅमेऱ्यापुढे उडतो म्हणून ललित? अंगात तो पोशाख होता, म्हणजे गणवेशधारी सेवाही नाकारता येत नाही!

माणसाच्या स्वभावाचे खण नेमके किती, यावर थोरामोठ्या मानसशास्त्रज्ञांचं तरी कुठे एकमत आहे? कोणत्या प्रश्नांची उत्तरं जोडीनं वरखाली होतात ते पाहून त्यांच्यामागचा समान घटक शोधायचा, हे घटक-विश्लेषण. कॅटेलना असे 16 सापडले, आयझेंकना 3. हल्ली 5 वर तडजोड झालीय. आकडेमोड संगणकाची, अर्थ लागेपर्यंत अक्ष फिरवायचे आणि घटकाचं बारसं करायचं, हे मात्र माणसाकडे. त्यात एकाच अर्थाचे चार प्रश्न फिरवून विचारले, की घटक हमखास निघतो. आपणच पुरायचं, आपणच उकरायचं, वर 'सापडलं हो!'

'मी सहसा शांत असतो' या विधानापुढे मालेगावात वीज असताना एक खूण पडेल, गेल्यावर दुसरी. त्या घटकाचं बारसं अजून व्हायचंय.