महालाचं आरमार

नागपूरला समुद्र नाही, असं कप्तानांसमोर बोलायची सोय नाही. "नाही कसा? होता. गेला," ते म्हणतात. मग कटक आणि बालासोर भोसल्यांच्या राज्यात कसे होते आणि १८०३च्या डिसेंबरात देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजीराजांना ते इंग्रजांना कसे लिहून द्यावे लागले, हे उभ्या उभ्या ऐकावं लागतं. भोसल्यांच्याच महालात राहून हा इतिहास खोडणार कोण? नागपूरला समुद्र नसणं ही तात्पुरती अडचण आहे, एवढं कबूल करून ऐकणारा सुटतो. सव्वादोनशे वर्षं चाललेली, पण तात्पुरतीच.

कप्तान ही पदवी गल्लीतल्या पोरांनी बहाल केलेली. सरकारी कागदोपत्री ते भूमी अभिलेख खात्यातले भूकरमापक, आता निवृत्त. उभं आयुष्य लोकांची वावरं मोजून कागदावर लहान करण्यात गेलं. वैशाखात कुठल्यातरी शिवारात डोक्याला दुपट्टा बांधून उभं राहायचं, कोणत्या भावाने बांध सरकवला ते सांगायचं आणि नंतर दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या, अशी नोकरी. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा: एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्मा जिल्हा मोजला. निवृत्तीला साखळी सरकारजमा झाली आणि सवय घरी आली. गणपतीच्या मांडवाची कमान उभी राहिली की हे पिशवीतून पाणसळ काढतात. सत्यनारायणाच्या चौरंगाखाली यांनी घातलेली पुठ्ठ्याची पाचर भटजी काढून टाकतात आणि हे आरतीच्या गर्दीत पुन्हा सरकवतात. लग्नपत्रिका हातात पडली की आधी लाल पेन शोधतात, मग मुलीचं नाव वाचतात.

दुसऱ्याची चूक दिसली की काही माणसांना गुदगुल्या होतात. कप्तानांचं तसं नाही. जगातली कुठलीही चूक आपल्याच सातबाऱ्यावर चढली आहे असं त्यांना वाटतं आणि ती उतरेपर्यंत जेवण गोड लागत नाही. म्हणून त्यांचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण टिकत नाही.

अशा माणसाच्या घरी जावयाने जर्मनीहून येताना प्लास्टिकच्या जहाजाचं किट आणावं, हा जावयाचा भोळेपणा. आणलं होतं नातवासाठी. नातवाच्या वाट्याला खोक्याचं झाकण आलं, तेही चार दिवसांनी पुरावा म्हणून परत घेतलं गेलं. झाकणावर खवळलेल्या समुद्राचं चित्र होतं, त्यात 'ग्राफ झेपेलिन' हे विमानवाहू जहाज आणि त्याच्या धावपट्टीवरून एकामागून एक झेपावणारी विमानं. कप्तानांनी पुस्तकं मागवली, भिंग लावून वाचली आणि चित्रावर बोट आपटून निकाल दिला, "हे खोकं खोटं बोलून राहिलं."

बोलतच होतं. हे जहाज कधी पुरं झालंच नाही. २८ डिसेंबर १९३६ला कील बंदरात त्याचा कणा मांडला. ८ डिसेंबर १९३८ला हिटलर आणि गोरिंगच्या साक्षीने काउंट झेपेलिनच्या मुलीने त्याचं बारसं केलं, जहाज पाण्यात उतरलं आणि तिथून पुढे सगळं रखडलं. १९४०च्या एप्रिलात काम थांबलं, १९४२त पुन्हा हललं, १९४३च्या सुरुवातीला बंद पडलं ते कायमचं. विमानं कोणत्या खात्याची यावर गोरिंगचं हवाई दल आणि नौदल यांची भांडणं चालूच होती. त्या धावपट्टीवरून एकही विमान उडालं नाही, एकही उतरलं नाही. मधल्या काळात नौदलाने त्यात लाकडं ठेवली.

नागपूरकराने यात नवल वाटून घ्यावं असं काही नाही. भूमिपूजन, फीत, फोटो, मग खात्याखात्यांचा पत्रव्यवहार आणि शेवटी अर्धवट बांधकामात कोणाच्या तरी सेंट्रिंगच्या फळ्या. आपल्याकडे याला विकासकाम म्हणतात.

दुसरा कोणी असता तर सूचनांचा कागद पाहून दोन रविवारांत जहाज चिकटवून टीव्हीशेजारी ठेवून मोकळा झाला असता. कप्तानांना प्रश्न पडला तो असा, की मोजणी कोणत्या तारखेची धरायची? १९३८चं जहाज करायचं तर त्याचं नाक सरळ. पुढे अटलांटिकच्या लाटांसाठी त्याला बाकदार नाक लावलं, लांबी ५.२ मीटरने वाढून २६२.५ मीटर झाली. किट १:७२० या प्रमाणातलं, म्हणजे नाक सात मिलिमीटर. १९४२त काम पुन्हा सुरू झालं तेव्हा वरचा भार वाढला म्हणून दोन्ही कुशींना पोलादी फुगवटे दिले, प्रत्येकी २.४ मीटर, म्हणजे इथे सव्वातीन मिलिमीटर पुट्टी. तोफांची फाईल तर वेगळीच. पंधरा सेंटिमीटरच्या आठ तोफांचा मूळ बेत होता. जागा वाचवायला त्या जोडीने बसवा असं ठरलं आणि कुठल्याशा टेबलावर त्याचा अर्थ आठ जोड्या असा लागून सोळा झाल्या, असं सांगतात. इथे आलं की कप्तानांचा आवाज भरून येतो. "आपल्याच खात्यातला असंल तो," ते म्हणतात. पुढे काम थांबल्यावर या तोफा उतरवून नॉर्वेच्या किनाऱ्यावर नेल्या.

त्यामुळे नाक लावलं, काढलं. फुगवटे चढवले, घासून उतरवले. सोळा तोफा बसवल्या आणि मग नॉर्वेला, म्हणजे फुटाण्याच्या रिकाम्या बरणीत, रवाना केल्या. गल्लीतून जाणारा कोणीही वर तोंड करून विचारतो, "झालं का जी काका जहाज?" गॅलरीतून उत्तर येतं, "होऊन राहिलं."

हा झाला इतिहासाचा घोळ. किटमधल्या चुका निराळ्याच. धावपट्टीवर फळ्या दिसाव्यात म्हणून कंपनीने खाचा कोरल्या होत्या. इतवारीतल्या सराफाकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून कप्तानांनी एक खाच मोजली. अर्धा मिलिमीटर. गुणिले सातशेवीस. "छत्तीस सेंटिमीटर! विमान सोडा, म्हैस अडकंल हिच्यात!" लगेच सगळ्या खाचा पुट्टीने बुजल्या आणि शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं सुरू झालं. वाड्यात त्या महिन्यात सगळ्यांनाच करड्या शिंका येत होत्या.

कठडा खोक्यात नव्हताच. कप्तानांनी कूलरची जळकी मोटर सोलून वाइंडिंगची तांब्याची तार काढली. तीही मोजली. पाव मिलिमीटर, जहाजावर अठरा सेंटिमीटर. एवढ्या जाड सळईला खलाशी मिठी मारेल, धरेल कसा? मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून ओढून पाहिली. तार बारीक निघाली, पण कूलरच्या वाऱ्याने उडून नातवाच्या वरणात गेली. शेवटी शोध काकूंच्या डोक्यापाशी थांबला. माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक, म्हणजे जहाजावर साधारण पाच सेंटिमीटर. कठड्याला अगदी बेताचा. तेव्हापासून काकू विंचरायला बसल्या की हे मागे चिमटा घेऊन हजर. "इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्या केसांकडे पहिल्यांदा असं निरखून पाहिलं," काकू शेजारणींना सांगतात, "आणि म्हणतात, काळे नको, पांढरेच दे. त्याला रंग नाही द्यावा लागत."

काकूंची यात काही तक्रार नाही असं मात्र समजू नये. कप्तानांनी एकदा लाकडाच्या वखारीचं, म्हणजे जहाजात लाकडं साठवली होती त्या काळाचं रूप करायचं ठरवलं. संध्याकाळी देवघरातून आवाज आला, "अहो, दिवा कशानं लावू मी? साऱ्या काड्यांची डोस्की हिटलरनं उडवली!" काड्यापेटीतल्या काड्या कापून, घासून, पाच-पाच मिलिमीटरच्या ओंडक्यांच्या थप्प्या तोवर धावपट्टीवर लागल्या होत्या. आठवडाभराने त्या उचलल्या गेल्या, कारण लाकडं उघड्यावर ठेवत की आत, याची खात्री पटेना.

मे महिन्यात तर जर्मनांनीही सोसला नसेल असा प्रसंग आला. रंग वाळायला जहाज गच्चीवर ठेवलं होतं. पारा सेहेचाळीसच्या पुढे. कप्तान जेवून, हात पुसत वर गेले तर जहाज मधोमध बसलेलं, दोन्ही टोकं आभाळाकडे. गरम पाण्यात बुडवून, वर लोणच्याच्या बरण्यांचं वजन ठेवून ते सरळ केलं. आंब्याच्या लोणच्याचा एक तेलकट डाग उजव्या कुशीवर आजही आहे. कप्तान तो इंधनगळती म्हणून दाखवतात.

पाहायला येणाऱ्यांची तऱ्हाही ऐकण्यासारखी. प्लॉटच्या दलालीत असलेल्या एका शेजाऱ्याला जहाज किती मोठं ते समजेना, म्हणून कप्तानांनी त्याच्या भाषेत सांगितलं: धावपट्टी सुमारे पावणेदोन एकर. गृहस्थ एकदम सरसावून बसले. "एन.ए. झालं का जी?"

"नाही. ओसीसुद्धा नाही."

"मग सोडा," म्हणून ते चहा न घेता गेले.

समोरच्या पोराने मात्र नेमका दुखरा प्रश्न काढला. "काका, जर्मनचं काऊन करून राहिले? आपला विक्रांत करा न." पोरगं मुद्द्याचं बोललं होतं. विक्रांतही मुळात अर्धवटच. इंग्रजांनी 'हर्क्युलिस' नावाने ते जहाज १९४३त बांधायला घेतलं, १९४५त पाण्यात सोडलं आणि युद्ध संपल्यावर १९४६त तीन-चतुर्थांश झालेलं तसंच ठेवून दिलं. भारताने १९५७त ते विकत घेऊन बेलफास्टला पुरं करून घेतलं. ४ मार्च १९६१ला ते विक्रांत म्हणून नौदलात आलं, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलं, १९९७त निवृत्त झालं. मुंबईत काही वर्षं संग्रहालय होऊन उभं राहिलं आणि २०१४त तोडायला गेलं. त्याच्या पोलादाचा अंश घेऊन बजाजने २०१६त 'व्ही' ही मोटारसायकल काढली. पोरगं त्याच मोटारसायकलवर बसून विचारत होतं.

कप्तान भिंग घेऊन खाली उतरले. पेट्रोलच्या टाकीवर वाकले, मग टाकीवरून हात फिरवला. "नाही बेटा," ते म्हणाले, "हा पुरा झालेला माणूस. पुरी नोकरी केली, पेन्शन खाल्ली. याच्यात मी काय सुधारू?" जिना अर्धा चढल्यावर थांबून स्वतःशीच पुटपुटले, "सेहेचाळीस ते सत्तावन्नमधला असंल तर पाहता येईल."

यांना काम पुरं करायची धास्ती वाटते, असं बडकस चौकातल्या चहाच्या ठेल्यावर सर्वानुमते ठरलेलं आहे. मला ते पटत नाही. धास्ती वाटणारा माणूस काम टाळतो. हे पहाटे पाचला उठून घासत बसतात. पुऱ्या झालेल्या वस्तूला मोजणीदार लागत नाही, एवढीच त्यांची अडचण. एखाद्याचा बांध कायमचा मिटला की भूकरमापकाला तिथे कोण बोलावतं?

यंदा महालक्ष्म्या बसायच्या आधी समोरच्या खोलीवरून पेच आला. मखर मांडायचं त्याच जागी गोदी. काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "शेवटी काय झालं हो त्या जहाजाचं?"

कप्तानांना इतका थेट प्रश्न घरातून पहिल्यांदाच आला होता. ते खुलले. १९४५च्या एप्रिलात रशियन सैन्य जवळ आलं तेव्हा जर्मनांनी ते स्टेटिनजवळ स्वतःच बुडवलं. रशियनांनी वर काढलं, ओढून नेलं आणि १६ ऑगस्ट १९४७ला त्याच्यावर नेमबाजीचा सराव करून बुडवलं. "आपल्याकडे आदल्या दिवशी झेंडावंदन झालं होतं पाय." मग २००६त पोलंडच्या एका तेलकंपनीच्या जहाजाला ते बाल्टिकच्या तळाशी सापडलं.

"किती खोल?"

"ऐंशीहून जास्त मीटर."

भूकरमापकाशी संसार केलेली बाई ती. बोटांवर हिशेब झाला. "भागिले सातशेवीस. बारा सेंटिमीटर धरा. कूलरची बादली पुरते." आणि खरंच बादली आणून पुढ्यात ठेवली. "हीच तारीख धरा आता. बुडवा आणि खोली मोकळी करा."

कप्तान बादलीकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. १६ ऑगस्ट १९४७! त्यानंतर कोणी नाक वाढवलं नाही, फुगवटे दिले नाहीत, फाईल पुढे सरकली नाही. एवढी पक्की तारीख आजवर कशी सुचली नाही? त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. काकूंनी झाडू घेतला. खोलीचा निम्मा केर निघाला असेल नसेल, तोच आतून हाक आली.

"अगं, ऐकते का? मीठ पाहिजे. बाल्टिकचं पाणी मुंबईपेक्षा खूप कमी खारं असते, लिटरला सातेक ग्रॅमच."

काकूंनी मिठाची बरणी आणि चमचा आत नेऊन दिला.

"चमचा नको," कप्तान म्हणाले. "सराफाचा काटा आण."