ऑटोचा प्रामाणिकपणा

कॅमेऱ्यातला ऑटो मोड गुणी आहे, कष्टाळू आहे. पण संध्याकाळचा टाइमलॅप्स करायला घेतला की त्याच्यासारखा वैरी नाही. त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते: समोर काहीही असो, उजेडाची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणून ठेवायची. मरीन ड्राइव्हवर अंधारायला लागलं की याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. मग तो बिचारा रात्रीचा दिवस करायला लागतो, अगदी शब्दशः.

तेवढ्यात चौकटीत पांढऱ्या टोपीतला शेंगदाणेवाला येतो. ऑटो दचकतो आणि फोटो काळवंडतो. शेंगदाणेवाला गेला, पुन्हा उजळ. समोरून बसचे हेडलाइट आले, पुन्हा काळोख. सुटा पाहिला तर प्रत्येक फोटो बरोबर. ओळीने लावून सेकंदाला 25 या वेगाने पळवले, की अख्खा अरबी समुद्र स्टार्टर गेलेल्या ट्यूबलाइटसारखा लुकलुकतो.

म्हणून ऑटोला रजा द्यायची आणि सूत्रं आपल्या हाती घ्यायची. ऊन असल्यापासून दिवे लागून पुरता अंधार होईपर्यंत कॅमेऱ्याला साधारण दहा स्टॉप सरकवावं लागतं. दहा स्टॉप म्हणजे दहा वेळा दुप्पट, एकूण 1024 पट. त्यात मुंबईचा सूर्य युरोपातल्यासारखा रेंगाळत नाही. तो बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो आणि पुढच्या 25 मिनिटांत कामापुरता उजेडही घेऊन जातो. तेवढ्या वेळात मिनिटाभराने एक तृतीयांश स्टॉपचा एकेक टिचका द्यायचा, तोही ट्रायपॉड न हलवता.

हा टिचका शटरला किंवा आयएसओला. अ‍ॅपर्चरच्या वाटेला जायचं नाही. त्याची पाती दर फोटोला मिटताना केसभर इकडेतिकडे होतात आणि लुकलुक परत येते. त्यावर कॅननवाल्यांचा एक जुना उपाय आहे. डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि लेन्स किंचित फिरवून तिचा कॅमेऱ्याशी संपर्क तोडायचा. पाती आहेत तिथेच थांबतात, अ‍ॅपर्चरच्या जागी 00 उमटतं आणि अर्धवट सुटलेली लेन्स घेऊन आपण समुद्रकाठी उभे राहतो. लेन्सचे हप्ते चालू असतील तर छातीतली धडधड शटरपेक्षा मोठी ऐकू येते.

टिचक्यांमुळे उजेडात पडलेल्या पायऱ्या घरी येऊन एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरने सपाट करायच्या. ते गुंथर वेग्नर या जर्मन छायाचित्रकाराने बनवलं. शांततेचं एखादं पारितोषिक त्याला द्यायला हरकत नाही. निदान आमच्या घरातल्या शांततेचं.

माणसांवर मात्र सॉफ्टवेअर नाही. ट्रायपॉड दिसला की कुणी "लाइव्ह चालू आहे का?" म्हणून केस सारखे करतं. कठड्यावर शेजारी बसलेले एक आजोबा बराच वेळ शटरची खटखट ऐकत होते.

"तोच तोच फोटो किती वेळा काढणार?"

मी हिशेब सांगितला: आठ सेकंदांना एक, दीड तासात 675 फोटो, त्यांचा 27 सेकंदांचा व्हिडिओ.

"मग सरळ व्हिडिओच का नाही काढत?"

त्या मिनिटाचा टिचका राहून गेला तो राहूनच गेला.

तेव्हा एक विनंती. तिन्हीसांजेला कुणी ट्रायपॉडपाशी घड्याळाकडे बघत पुटपुटताना दिसला, तर मोबाइलचा टॉर्च लावून जवळ जाऊ नका. काही विचारायचंच असेल तर शटर मिटल्याची खट् ऐकू आली की विचारा. दोन सेकंदांचं एक्सपोजर असेल, तर पुढचे सहा सेकंद तो मोकळाच असतो.